वर बुडणारा, खाली तरंगणारा

राप्युरचा, म्हणजे किसलेल्या बटाट्यांच्या गरमागरम भाजणीचा, पहिला घास सोलांजच्या तोंडात होता, नुसता होता, अजून गिळलाही नव्हता, तेवढ्यात लेओंसकाकाने स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि ओल्या दोराची अख्खी गुंडाळी जेवणाच्या टेबलावर आदळली. थप्प! काकवीची बरणी आडवी झाली. खारं पाणी टेबलावरच्या कापडावरून ओघळत थेट ऑलिव्हआत्याच्या मांडीवर गेलं.

“माणूस आहेस की सील?” आत्या खुर्ची मागे सारत ओरडली. “चर्चचा स्कर्ट आहे हा माझा!”

“वाळेल,” काका म्हणाला. त्याने टोपीसुद्धा काढली नव्हती. “आधी हे बघा. आपलाच दोर आहे. धक्क्यावरून निसटला आणि पाण्यात पडला. मग काय झालं सांगू? बोयाकडचा सगळा भाग वर. वेटोळी घालून तरंगत बसला मस्तपैकी. सगळ्या पब्निको गावाने बघितला. तो शेजारच्या बोटीवरचा डेलबेर तर विचारतो कसा, ‘काय रे लेओंस, यंदा शेवंडांऐवजी व्हेल धरणार वाटतं?’”

सोलांजचे बाबा, रेनो, हसायला गेले आणि थांबले. आत्याचा स्कर्ट झटकायचा राहून गेला. टेबलाच्या टोकाशी मानाच्या खुर्चीत बसलेल्या पेपेने, म्हणजे सोलांजच्या आजोबांनी (अख्खं घर त्यांना पेपेच म्हणायचं), काटा ताटाच्या कडेला ठेवला.

ह्या घरात प्रत्येक पोर ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ शिकायच्या आधी एक वाक्य शिकतं: वर बुडणारा, खाली तरंगणारा. शेवंडांचा सापळा समुद्राच्या तळाशी, बोया, म्हणजे खुणेचा तरंगता गोळा, वर, आणि मधला दोर दोन तऱ्हेच्या दोरांचा सांधलेला. सापळ्याजवळचा भाग पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा. पॉली पाण्याहून हलका, म्हणून तो तळातून आपला ताठ उभा राहतो, खडकांवर घासून झिजत नाही. बोयाजवळचा भाग जड धाग्याचा, तो मुकाट बुडतो, म्हणून पाण्यावर वेटोळी करत नाही आणि कुणाच्या बोटीच्या पंख्यात शिरत नाही. पूर्वी सगळेच वरपासून खालपर्यंत पॉली वापरायचे. स्वस्त, हलका, मजबूत, कोण नको म्हणेल? मग एका दुपारी पेपेचा धाकटा भाऊ आन्सेल्म परत आला नाही. त्याची बोट खडकांवर सापडली तेव्हा पंख्याच्या दांड्याभोवती एक पिवळा गोळा थिजलेला होता. फिरून फिरून, घासून घासून दोर मेणासारखा वितळला होता आणि मग दगडासारखा घट्ट बसला होता. तो गोळा पेपेने स्वतः छिन्नीने फोडून काढला. तेव्हापासून ते वाक्य.

“यंदा शेडमध्ये दोर कुणी सांधले?” काकाने विचारलं.

प्रश्न सगळ्यांना होता, पण बघितलं त्याने फक्त सोलांजकडे.

आता ही सोलांज म्हणजे सोळा वर्षांची, अकरावीतली, आणि सप्टेंबरपासून जमिनीवर पाय नसलेली मुलगी! बोटीवरचा तिसरा गडी अल्बर्टाला निघून गेला होता, त्याची जागा रिकामी होती, आणि ती जागा तिला हवी होती. टाकणीच्या दिवशी, जेव्हा सगळ्या गावच्या बोटी सापळ्यांचे डोंगर रचून एकदम समुद्रात निघतात, तेव्हा तिला धक्क्यावर उभं राहून रुमाल हलवायचा नव्हता. तिला बोटीवरून सापळा ढकलायचा होता. बाबा ‘बघू’ म्हणाले होते. काका ‘नाही’ म्हणाला होता, पुन्हा ‘नाही’ म्हणाला होता, आणि कारण एकदाही सांगितलं नव्हतं. तेव्हा आपण काय चीज आहोत ते दाखवायला सोलांज रोज शाळा सुटली की दप्तर फेकून पेपेच्या शेडमध्ये पळत होती.

आणि तिथे ती पॉलीच्या प्रेमातच पडली. अगदी खरं! पेपे तिला जुन्या ताग-दोराच्या गोष्टी सांगायचा. तो पाणी पिऊन दुप्पट जड व्हायचा, त्याला डांबर चोपडावं लागायचं, तरी कुजायचा आणि कुजला की गोठ्यासारखा वास मारायचा. “पॉली पाणी पीत नाही,” पेपे म्हणायचा, एखाद्याने जावयाबद्दल सांगावं तसं. “रात्रंदिवस समुद्रात ठेव, बाहेर काढ, झटक, कोरडा. कुजत नाही, सडत नाही. पण दोन खोडी आहेत त्याला. एक, गाठ मारलीस तर घसरते, म्हणून सांधा घालायचा. दुसरी, त्याला ऊन सोसत नाही. उन्हात पडून राहिला की त्याचा कोंडा होतो.” मग सोलांजला घरभर पॉलीच दिसायला लागला. दाराशी जुन्या दोराचं विणलेलं पायपुसणं, बटाट्यांची गोणी, कपडे वाळत घालायची दोरी, थंडीत आतून घालायचा बनियन, ज्यात घाम मुरतच नाही, औषधाच्या डबीचं झाकण, जे हजारदा उघडलं तरी बिजागरीला तुटत नाही. दह्याच्या डब्याच्या बुडाशी तीन बाणांच्या मधे पाचाचा आकडा असतो, तो पॉलीचा, हे कळल्यावर तर ती लोकांच्या घरी जाऊन डबे उलटे करायला लागली. “पाच नंबरवाले सगळे आपले नातेवाईक!” असं जाहीर करून टाकलं तिने.

आणि आता तिचा सर्वात लाडका नातेवाईक टेबलावर पाणी गाळत पडला होता.

“बोल की,” काका म्हणाला. “एरवी तर तोंड बंद नसतं.”

“लेओंस, हळू,” बाबा म्हणाले.

“हळू काय? सगळे सापळे बोटीवर चढवून झालेत. वाऱ्यामुळे टाकणी मंगळवारवर गेली हे नशीब. उद्या निघालो असतो तर? आपल्याच पंख्यात आपलाच दोर! आणि हिला म्हणे बोटीवर न्या.”

“पोरगी नवी आहे,” आत्या म्हणाली. यार्मथच्या शाळेत शिकवायची ती, आणि घरात कुणालाही बोलणी बसली की आधी बोलणाऱ्याच्या विरुद्ध जायची तिची रीत होती. “तू पहिल्या वर्षी नांगर दोर न बांधताच फेकला होतास. अख्खा नांगर! तो अजून तिथेच असेल.”

“तो विषय वेगळा.”

“नांगराला विचार वेगळा आहे का ते.”

टेबलाखाली सोलांजच्या हातात दोराचा लोंबणारा भाग आला होता आणि तिची बोटं सांध्यावर होती. दोन दोरांचे पेड एकमेकांत विणून जिथे सांधा घातला होता, तिथे तो हळूहळू बारीक होत गेला होता, उंदराच्या शेपटीसारखा, कुठे टोक लागत नव्हतं. तिचे सांधे असे नसत. ती घाईत पेड कापून लायटरने टोकं जाळायची, त्याच्या कडक गुठळ्या व्हायच्या, पेपे त्यांना ‘उडीद’ म्हणायचा. ह्या सांध्यात एकही उडीद नव्हता.

हा सांधा पेपेचा होता.

तिने पेपेकडे बघितलं. तो समोर बघत होता, दोराकडे नाही, नुसता समोर.

“सोलांज,” बाबा मऊ आवाजात म्हणाले, “चूक झाली तर झाली. माफी माग आणि संपव. उद्या सगळे मिळून पुन्हा सांधू.”

“आणि बोट?” तिने विचारलं.

बाबा काकाकडे बघायला लागले. “पुढच्या वर्षी बघू.”

बस्स. ते ‘बघू’ तिच्या डोक्यातच गेलं.

“मी नाही केलं!” ती उभी राहिली. खुर्ची मागे पडली. “हा माझा सांधा नाहीच! हात लावून बघा ना कुणीतरी! ह्यात उडीद कुठेत? हा पेपेचा सांधा आहे. चूक पेपेची आहे, आणि सगळे माझ्यावर काय घसरताय?”

बाहेर वारा छपरावरून धावत होता. काकवी टेबलाच्या कडेवरून एकेक थेंब गळत होती आणि ती पुसावी असं कुणाला सुचत नव्हतं.

काकाने टोपी काढली. सोलांजला वाटलं आता हा खजील होणार, ‘चुकलो’ म्हणणार. तिने मनात तयारीही केली, दिलदारपणे माफ करायची.

“एवढं एक वाक्य पोटात ठेवता आलं नाही तुला?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. “एवढंच?”

“म्हणजे?” आत्या म्हणाली. “थांब, थांब. तुला माहीत होतं?”

काका हातातली टोपी पिळत राहिला.

“लेओंस! तुला माहीत होतं हा दोर कुणाचा आहे ते?”

“आंधळा आहे का मी? धक्क्यावरच कळलं.”

“आणि तरी पोरीवर ढकललंस?”

“हो, ढकललं!” आता मात्र तो फुटला. “सोळा वर्षांच्या पोरीकडून चूक झाली तर लोक चार दिवस हसतात आणि विसरतात. तिला चूक परवडते. पण गावात जर बोभाटा झाला, की आल्फे दांत्रमाँने, आन्सेल्मच्या सख्ख्या भावाने, पॉली वरच्या अंगाला सांधला...” वाक्य त्याने तिथेच सोडलं.

“मी इथे बसलोय,” पेपे म्हणाला. “अजून मेलो नाही. माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्याशी बोला.”

मग काकाच बोलला, खाली बघत, लहान मुलासारखा.

“पेपे, मी ऑक्टोबरमध्ये शेडमध्ये आलो होतो. तुम्ही नव्या दोराचं कापलेलं टोक उसवू नये म्हणून जाळत होतात. वितळलेला पॉली बोटावर आला. चरचरला. आणि तुम्ही बोट काढलं नाहीत. हलला नाहीत. तुम्हाला कळलंच नाही.”

पेपेने उजवा हात टेबलावर पसरला. तर्जनीच्या पेरावर गुळगुळीत गुलाबी डाग होता. सोलांज रोज त्या हाताशेजारी बसत होती. तिने तो डाग पाहिलाही होता. विचारलं कधी नव्हतं.

“वास आला,” पेपे म्हणाला. “पॉली जळला की मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतो. पण त्यात दुसराच कसला तरी वास होता. म्हणून खाली बघितलं.” त्याने हात उलटा केला. “बर्फाच्या पाण्यात जन्म गेला. बोटं मेलीत टोकाशी. आणि डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं आहे. डॉक्टर म्हणतो वसंतात काढू पडदा. सांगून काय करायचं होतं? तुम्ही मला खिडकीत बसवलं असतंत, मांडीवर मांजर देऊन.”

“आपल्याकडे मांजर नाही,” बाबा म्हणाले.

“आणलं असतंत.”

आत्याला हसू आलं आणि त्याचंच रडू झालं. पण तिचा रोख अजून काकावरच होता. “ऑक्टोबरपासून तुला माहीत आहे. मला एक फोन नाही. रेनोला एक शब्द नाही. सगळं एकट्याने ठरवतोस तू, नेहमीच. आणि ह्या पोरीला ‘नाही, नाही’ करत राहिलास!”

“कारण ती मला शेडमध्ये हवी होती!” काका म्हणाला. “ती तिथे बसते, बडबड करते, पेपेचं लक्ष तिच्यात असतं, आणि एक जोडी चांगले डोळे तिथे असतात. ती बोटीवर आली की शेडमध्ये कोण? तू यार्मथला. मी आणि रेनो मे अखेरीपर्यंत समुद्रावर. पेपे एकटे, हातात सुरी, लायटर, आणि बोटांना कळत काही नाही.”

गेले तीन महिने सोलांज रोज झोपताना काकाशी मनातल्या मनात भांडत होती. त्याला मुलगी म्हणून मी नको, त्याला माझा राग आहे, त्याला माझ्या बाबांना कमी दाखवायचंय. किती कारणं तिने त्याच्यासाठी शोधून ठेवली होती! हे एकही त्यात नव्हतं.

“मला सांगायचं होतंस,” ती म्हणाली. “मी नसतं का बघितलं त्याच्याकडे?”

“बघितलं असतंस. पण कसं?”

“कसं म्हणजे?”

“आत्ता बघतेयस तसं.”

तिने झटकन मान फिरवली. पण ते खरं होतं. ती पेपेकडे बघत होती आणि तिला पेपे दिसत नव्हता, त्याची बोटं दिसत होती, डोळ्यांतलं दूध दिसत होतं. एका वाक्याने तिने त्याला शेडमधून उठवून खिडकीत बसवलं होतं. आणि वाक्य खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत!

पेपे मात्र भलताच विचार करत होता. “पण डावा ढीग पॉलीचा,” तो स्वतःशी बोलावं तसं म्हणाला. “डावा पॉलीचा, उजवा जड दोराचा. आन्सेल्म होता तेव्हापासून. मला रंग बघावाच लागत नाही. खालच्या भागाला हात डावीकडे जातो, वरच्याला उजवीकडे. चुकायला झोपेतही चुकणार नाही मी. मग झालं कसं?”

सोलांजला आठवलं.

शेडची साफसफाई! दोन शनिवारांमागे तिने हौसेने अख्खी शेड झाडली होती. जाळ्या काढल्या, खिडकी पुसली, आणि दाराजवळ मोकळं दिसावं म्हणून दोरांचे ढीग ह्या बाजूचे त्या बाजूला, त्या बाजूचे ह्या बाजूला केले. पेपे तेव्हा घरात डुलकी काढत होता. नंतर आत येऊन म्हणालाही, ‘अरे वा, वास बदलला शेडचा.’ ती किती खूश झाली होती! तिला वाटलं, ह्याला सगळं दिसलं.

“ढीग मी हलवले,” ती म्हणाली.

“काय?”

“साफसफाई केली तेव्हा. डावे उजवीकडे. मला वाटलं, रंग वेगवेगळे आहेत, पिवळा कुठला आणि पांढरा कुठला ते काय, कुणालाही कळेल.” तिचा आवाज बारीक झाला. “मला काय माहीत तू बाजूवर चालतोस.”

काकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. क्षणभर तिला वाटलं तो रडतोय. तो हसत होता. वाईट, थकलेलं हसू, पण हसूच.

“म्हणजे मी हिच्यावर खोटा आळ घेतला,” तो म्हणाला, “आणि तो अर्धा खरा निघाला.”

“निम्मा तिचा, निम्मा माझा,” पेपे म्हणाला. “निम्मा तुझाही, लेओंस. गप्प बसण्याचा.”

“तीन निम्मे होत नाहीत, पेपे,” आत्या म्हणाली. शिक्षिकाच ती.

“आमच्या घरात होतात. जेवा आता. राप्युर गार झालं की डिंक होतो त्याचा.”

सोमवारी वारा तसाच होता. सकाळीच सगळे शेडमध्ये जमले. बाबांनी आणि काकाने बोटीवरून साफसफाईनंतर सांधलेले दोर तेवढे उतरवून आणले, कारण त्याआधीचे सगळे बरोबर होते. आत्याने शाळेत आजारी असल्याचं कळवलं आणि आजारी माणसाला शोभणार नाही एवढ्या मोठ्या आवाजात गात कॉफी केली. सोलांजने आल्याआल्या ढीग जागच्या जागी केले. पॉली डावीकडे, जड उजवीकडे. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

मग ती पेपेसमोर जाऊन उभी राहिली. रात्रभर तिने हे वाक्य घोकलं होतं. “पेपे, मी उद्या बोटीवर जात नाही. मी इथे राहते. तुझ्याबरोबर.”

तिला वाटलं तो तिचा गाल थोपटेल.

“का?” पेपेने विचारलं. “माझ्यावर पहारा करायला?”

“नाही, म्हणजे...”

“कालपर्यंत तू इथे बसत होतीस कारण तुला बोटीवर जायचं होतं. मला ते आवडायचं. पोरगी इथे बसून समुद्राकडे बघतेय, बडबडतेय, चुकीच्या जागी उडीद करतेय. आता माझी कीव म्हणून बसणार? मग ते मांजर काय वाईट!” त्याने काठी उचलली आणि कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडे रोखली. “ते ओढ इकडे. पाणी भर. अर्ध्याच्या वर.”

तिने पिंप ओढलं, नळी लावली. बाबा, काका आणि आत्या, तिघं भावंडं हात थांबवून बघत राहिली. पेपेने दोन्ही ढिगांतून चाचपत एकेक तुकडा कापला आणि पाण्यात टाकला. मग बाही कोपरापर्यंत वर सारली, डोळे मिटले आणि हात पाण्यात घातला. पहिला तुकडा तळव्याला लगेच लागला, वर, पाण्याच्या कातडीशी. दुसऱ्यासाठी त्याला थेट बुडापर्यंत वाकावं लागलं, खांदा पिंपाच्या काठाला टेकेपर्यंत. तो वर आला तेव्हा दाढीतून पाणी गळत होतं.

“बोटाची टोकं मेलीत. हात जिवंत आहे,” तो म्हणाला. “रंग दिसला नाही तर दिसला नाही. ढीग कुणी हलवले तर हलवू देत. पॉलीला खोटं बोलता येत नाही. पाण्यात टाकला की तो वर येणार म्हणजे येणार. ह्यापुढे प्रत्येक दोर आधी पिंपात, मग माझ्या मांडीवर.”

“आणि लायटर?” काकाने विचारलं.

पेपेने खिशातून लायटर काढला, अंगठ्याने एकदा पुसला आणि काकापुढे धरला. “सांध्याला मला तो तसाही लागत नाही. मी निमुळता सांधा घालतो. जाळतात ते आळशी लोक.” आणि मिटल्या डोळ्यांनीच त्याने मान सोलांजकडे वळवली.

“आणि मी रोज संध्याकाळी येऊन तपासणार,” काका म्हणाला. “तुमच्या तोंडावर. सांगून.”

“तपास की. बापाच्या सांध्यात खोट काढायची तुला लहानपणापासूनची इच्छा.” पेपे खाली बसला, मांडीवर दोर ओढला. “आणि उद्या ही तुमच्याबरोबर जाईल. मी सांगतोय. परवाना अजून माझ्या नावावर आहे. मी खिडकीत बसलो की मग मागा तो.”

काकाने बाबांकडे बघितलं. बाबांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ‘बघू’ म्हटलं नाही. “जाईल,” ते म्हणाले.

सोलांजला उडी मारावीशी वाटायला हवी होती. तीन महिने तिने ह्याच क्षणाची उडी जपून ठेवली होती. ती खाली बसली, एक दोर ओढला, आणि चुकीचा सांधा उकलायला लागली. पेपेने घातलेला सांधा उकलायला फार वेळ लागतो. पेड इतके घट्ट बसलेले असतात की लोखंडी सुळा घालून एकेक उचलावा लागतो. ती एकेक उचलत राहिली. नवा सांधा तिने निमुळता घालायचा प्रयत्न केला. तो काही उंदराच्या शेपटीसारखा झाला नाही. फार तर बेडकासारखा झाला. पण जाळला नाही तिने.

मंगळवारी पहाटे वारा पडला होता. अंधार अजून निवळत होता आणि धक्का दिव्यांनी, ट्रकांनी, माणसांनी खचाखच भरला होता. फादर बोटींवर पाणी शिंपडत होते. सापळे इतके उंच रचले होते की बोटी पाण्यात दबल्यासारख्या दिसत होत्या. सोलांज नव्या, कडक, केशरी अंगरख्यात मागच्या बाजूला सापळ्यांना पाठ लावून उभी होती.

वेळ झाली तशा बोटी एकामागून एक सुटल्या. इंजिनांचा नुसता गडगडाट. धक्का मागे सरकायला लागला. तिला आत्या दिसली, लाल स्कार्फ हलवताना. आणि आत्याच्या शेजारी, कठड्याला कंबर टेकवून, पेपे.

तो हात हलवत होता. उंच, सगळा दंड लावून, जसा माणूस आपल्या माणसांना निरोप देताना हलवतो तसा.

डेलबेरच्या बोटीकडे बघून.

डेलबेरची बोट त्यांच्या पुढे होती, तीही पांढरी, तिच्यावरही कुणीतरी केशरी अंगरख्यात मागे उभं होतं. पेपेचा चेहरा त्या बोटीबरोबर वळत होता. सोलांजने तोंड उघडलं, पण एवढ्या गोंगाटात हाक कुठे पोचणार! बाबांनीही ते बघितलं होतं. ते दोर आवरत होते, त्यांचे हात थांबले. डेलबेरच्या बोटीवरच्या पोराने जरा गोंधळून, पण मनापासून, पेपेला हात हलवून उत्तर दिलं.

तेवढ्यात वरच्या केबिनमधून भोंगा वाजला. लांबलचक. काकाने तो दाबूनच धरला होता. आजूबाजूच्या बोटींवरचे लोक वळून बघायला लागले.

धक्क्यावर पेपेचा हात हवेतच थांबला. त्याने मान किंचित तिरकी केली, ऐकलं, आणि मग सावकाश, पाय जपून टाकत, अख्खा माणूस आवाजाच्या दिशेला वळला. सोलांजच्या दिशेला. हात पुन्हा हलायला लागला.

ती दोन्ही हात हलवत होती, उड्या मारत होती, आणि तिला पक्कं ठाऊक होतं की त्यातलं त्याला काहीही दिसत नाही.

भोंगा थांबला.

“काका!” ती केबिनकडे तोंड करून ओरडली. “पुन्हा!”

काकाने मागे वळून बघितलं नाही. पण भोंगा पुन्हा वाजला, आणि धक्का दिसेनासा होईपर्यंत वाजत राहिला.